जुन्या गाडीची गळती: एकेक जागा बंद करावी की इंजिनच उतरवावे?

वर्षानुवर्षे शेडमध्ये उभी असलेली पद्मिनी, अॅम्बेसेडर किंवा जुनी मारुती ८०० हौसेने घेऊन चालती केली, की थोड्याच दिवसांत तिच्याखालची शहाबादी फरशी काळी पडू लागते. अशा वेळी मालकाला साधारणपणे तीन सल्ले मिळतात. गॅरेजमध्ये सांगितले जाते की, इंजिन उतरवून पूर्ण पॅकिंग सेट (जोडांमधले पॅकिंग आणि सीले यांचा संच) टाकावा, म्हणजे पुन्हा बघायला नको. सुट्या भागांच्या दुकानात गळती थांबवणाऱ्या औषधाची बाटली पुढे केली जाते. जुन्या गाड्या सांभाळलेले जाणकार मात्र एकेक जागा शोधून बंद करत जा, असे म्हणतात. तिन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर ठरू शकतात. परंतु गळतीचा उगम पुराव्यानिशी ठरण्याआधी त्यांपैकी कोणताही मानणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय, असे माझे मत आहे.

ब्रेक ऑइल आणि पेट्रोल हे दोन द्रव मुळात या तुलनेत येतच नाहीत. चाकाच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या पाठीमागून टायरच्या भिंतीवर ओल उतरत असेल तर तो थेंब वाटीभर पाण्यात टाकून पाहावा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते, तर इंजिन ऑइल किंवा ग्रीस तरंगत राहते. ब्रेक ऑइल असल्याची खात्री पटली तर व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा भाग) बदलेपर्यंत गाडी दारातून हलवू नये. पेट्रोलच्या बाबतीत धोका पूर्वीपेक्षा वाढला आहे, कारण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले आहे आणि ज्या काळात या गाड्या घडल्या त्या काळातले रबरी पाइप इथेनॉल सोसण्यासाठी बनवलेलेच नव्हते. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सर्व रबरी तुकडे एकाच वेळी इथेनॉलला टिकणाऱ्या पाइपने बदलावेत. तेथे दुसरा पर्याय तोलत बसण्यात अर्थ नाही.

शोधण्याच्या तीन पद्धती

उरलेल्या द्रवांपैकी सर्वाधिक घोळ इंजिन ऑइलचा असतो. गाडी धावताना वाऱ्याच्या झोताने तेल मागे सरकते आणि उतारावरून खाली ओघळते, त्यामुळे जेथून थेंब पडतो ती जागा बहुधा निर्दोष असते. ओल्या भागातील सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा बिंदू हाच खरा संशयित मानावा. सोलापूरच्या काळ्या मातीची धूळ या तेलात बसून इंजिनावर बोटभर जाडीचा थर तयार होतो, म्हणून आधी हा थर पत्र्याच्या पट्टीने खरवडून, डिझेल आणि ब्रशने धुऊन इंजिन कोरडे करणे तिन्ही पद्धतींत सारखेच अनिवार्य आहे.

सर्वांत स्वस्त पद्धत पुठ्ठ्याची. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवून त्यावर चारही चाकांच्या आणि इंजिनाच्या खुणा करून ठेवल्या, की सकाळी कोणता द्रव किती आणि साधारण कोठे पडला हे कळते. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) असेल तर हिरवट किंवा गुलाबी डाग आणि गोडसर वास येतो. गिअर ऑइल दाट असते आणि त्याला गंधकाचा उग्र दर्प असतो. मात्र पुठ्ठा केवळ गळतीचा प्रकार सांगतो, उगम दाखवत नाही.

दुसरी पद्धत अंगाला लावायच्या साध्या पावडरीची. स्वच्छ आणि कोरड्या केलेल्या इंजिनावर ती भुरभुरली आणि गाडी उभ्या जागी गरम होऊ दिली, तर तेलाची पहिली रेघ पांढऱ्यावर काळी अशी ठळक उमटते. टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण), ऑइल प्रेशरचा स्विच आणि चेंबर (तळाची तेलाची परात) यांच्यासाठी ही पद्धत पुरेशी आहे. पंख्याच्या समोरच्या भागात ती निरुपयोगी ठरते, कारण पावडर उडून जाते. शिवाय भार आल्यावरच होणारी गळती उभ्या गाडीत दिसत नाही.

तिसरी पद्धत तेलात मिसळायच्या चमकत्या रंगाची. रंग घालून तुळजापूरच्या घाटातून एक फेरी मारून यावी आणि अंधारात अतिनील टॉर्चने, पिवळा चष्मा लावून इंजिन पाहावे. एसीची कामे करणाऱ्यांपैकी अनेकांकडे अशी टॉर्च असते. रंग मात्र इंजिन ऑइलसाठीचाच घ्यावा. खर्च पहिल्या दोहोंपेक्षा जास्त असला, तरी ज्या एका प्रश्नावर इंजिन उतरवण्याचा निर्णय अवलंबून असतो, त्याचे निर्णायक उत्तर हीच पद्धत देते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या घंटेच्या आकाराच्या हाउसिंगमधून पडणारा थेंब चमकला तर तेल इंजिनाचे, न चमकला तर गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचे, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्याचे. माझा कल असा, की बाहेरून दिसणाऱ्या गळतीसाठी पावडर वापरावी आणि रंगाचा खर्च केवळ या हाउसिंगसाठी राखून ठेवावा.

कसणे, औषध की नवे पॅकिंग?

सैल बोल्ट कसणे फुकट असल्याने सगळे तेथूनच सुरुवात करतात आणि नुकसानही तेथेच होते. टॅपेट कव्हर आणि चेंबर पत्र्याचे असतात व त्यांखाली बुचाचे पॅकिंग असते. ते जास्त आवळले की दोन बोल्टांमध्ये बाहेर फुगते, बोल्टापाशी चिरडते आणि पत्र्याला भोकाभोवती खळगा पडतो. असे कव्हर काढून त्याची कड काचेवर पालथी ठेवून पाहिली, तर प्रत्येक भोकाभोवतीचा भाग काचेला टेकलेला आणि मधल्या भागाखाली प्रकाशाची फट दिसते. ती कड सपाट ऐरणीवर हलक्या हातोडीने सरळ केल्याशिवाय कितीही महाग पॅकिंग टाकले तरी तेल येणारच. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात, जेव्हा पारा चाळिशी पार करतो, तेव्हा दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेले बुचाचे पॅकिंग आक्रसलेलेही मिळते. म्हणून ते भोकांवर ठेवून मापाने जुळते का हे पाहूनच घ्यावे. रबरी पॅकिंग मिळत असेल तर मी तेच निवडेन. नुसत्या सिलिकॉनवर भागवण्याची पद्धत मला मान्य नाही, कारण आत दाबले गेलेले जादा सिलिकॉन सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकते. मात्र कोपऱ्यांत आणि जोडांवर त्याचा बारीक ठिपका देणे योग्यच आहे.

बाटलीतले औषध कडक झालेले रबरी सील थोडे फुगवून मऊ करते, त्यामुळे त्याचा उपयोग सीलपुरताच आहे. बुचाच्या, कागदाच्या किंवा फाटलेल्या पॅकिंगवर त्याचा परिणाम होत नाही. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या आणि इंजिनाच्या मागच्या सीलमधून जेमतेम झिरपणाऱ्या गाडीत ते एकदा वापरून पाहण्यास हरकत नाही. रेडिएटरमध्ये टाकायच्या पावडरीबद्दल मात्र माझे मत प्रतिकूल आहे. बोअरचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे भरल्यामुळे या गाड्यांच्या रेडिएटरच्या नळ्या आधीच अरुंद झालेल्या असतात आणि ही पावडर उरलेला मार्गही बुजवते. तात्पुरती गळती थांबते खरी, पण भर मे महिन्यात विजापूर रस्त्यावर तापमानाचा काटा लालमध्ये जातो. तांबे-पितळेचा रेडिएटर डाग देऊन दुरुस्त करता येतो, आणि वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून पाणी येत असेल तर पंपाचे सील संपल्याची ती खूण आहे. दोन्ही ठिकाणी औषधाला काम उरत नाही.

ऑइल सील बदलताना एक गोष्ट हमखास सुटते. जुन्या सीलच्या ओठाने शाफ्टवर चर पाडलेली असते, ती नखाला लागते. नवे सील त्याच चरीवर बसले तर काही दिवसांत पुन्हा गळते. सील बसवण्याची खोली किंचित बदलून ओठ ताज्या पृष्ठभागावर आणता येतो किंवा शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवता येते. यंत्रमागांचे भाग आणि अगदी मोटारींचे कॅमशाफ्टसुद्धा घडवणाऱ्या सोलापूर शहरात अक्कलकोट रस्त्याच्या परिसरात चांगला लेथवाला शोधणे कठीण नाही.

इंजिन उतरवण्याआधी

मागचे सील गळते असे निदान झाले, तरी आधी तीन गोष्टी बाद कराव्यात. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून आणि ऑइल प्रेशरच्या स्विचमधून आलेले तेल इंजिनाच्या पाठीवरून थेट त्याच हाउसिंगवर उतरते. मारुती ८०० मध्ये डिस्ट्रिब्युटरच्या (स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या भागाच्या) बैठकीपासूनही तेच घडते. तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी. ती काजळीने तुंबली की आतला दाब तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. ती साफ करून, गरम इंजिन चालू असताना तेल भरायचे झाकण काढून पाहावे. हलकी वाफ चालते; पण धूर फुसफुसत जोराने बाहेर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या आहेत, आणि अशा इंजिनाला नुसता पॅकिंग सेट टाकणे हा सर्वांत वाईट सौदा ठरतो, कारण तोच दाब नवी सीलेही गळवतो.

अॅम्बेसेडरच्या जुन्या, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन (बीएमसी) घराण्यातील १४८९ सीसी इंजिनाबाबत अपेक्षाच वेगळी ठेवावी लागते. त्याच्या क्रँकशाफ्टच्या (मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या टोकाला रबरी सीलऐवजी तेल परत आत ओढणारी आट्यांची रचना आहे आणि ती शाफ्ट फिरत असतानाच काम करते. लांबच्या फेरीनंतर उभ्या गाडीखाली दोन-चार थेंब पडणे हा तेथे दोष नव्हे. त्यासाठी इंजिन उतरवणाऱ्या मालकाची निराशाच होते. मारुती ८०० मध्ये मागच्या सीलसाठी केवळ गिअरबॉक्स उतरवला तरी पुरते, त्यामुळे ‘इंजिन काढावे लागेल’ असे कोणी सांगितले तर कारण विचारावे.

माझा निवाडा असा: तेल भरायच्या झाकणावर दाब नसेल आणि गळती वरच्या भागातून असेल, तर घरच्या अंगणात एकेक जागा बंद करावी. गाडीखाली जाण्याचे काम मात्र जॅकवर नव्हे, स्टँडवरच करावे, आणि तशी सोय नसल्यास गॅरेजचा खड्डा गाठावा. रंगाने मागचे सील सिद्ध झाले आणि क्लच घसरू लागला असेल, किंवा रिंगांचे काम निघालेच असेल, तर इंजिन उतरवणे रास्त आहे. तेव्हा मजुरीच्या त्याच खर्चात क्लच प्लेट, गिअरबॉक्सचे पुढचे सील आणि ब्लॉकच्या मागच्या बाजूचे कोअर प्लगही (पाण्याच्या मार्गाची भोके बंद करणाऱ्या टोप्या) बदलून घ्यावेत. साध्या पाण्यावर चाललेल्या इंजिनात हे पत्र्याचे प्लग आतून गंजत जातात आणि इंजिन गाडीत असताना तेथे हातही पोचत नाही.