मिरजेतलं डायलिसिस सेंटर: उशीर होतो, पण आण्णांना परत ताप आला नाही

आमच्या आण्णांचं आठवड्यातनं तीनदा डायलिसिस असतंय, तासगावहून मिरजेला ये-जा. आधी दुसरीकडं जायचो, नाव घेत नाही, तिथं एकदा मशीनवर असतानाच त्यांना हुडहुडी भरून ताप आला, डायलिसिससाठी मानेत बसवलेल्या नळीतनं इन्फेक्शन रक्तात गेलेलं, नळी बदलली आणि ११ दिवस ॲडमिट. ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतोय.

इथं पहिल्याच दिवशी सिस्टरनी मला बाहेर काढलं, मास्क नव्हता म्हणून. राग आला होता. मग दारातनं बघितलं तर नळी जोडताना आण्णांनाही मास्क, मान दुसरीकडं वळवून, सिस्टरनी हात धुतले, नवे ग्लोव्हज घातले, नळीची तोंडं औषधाच्या बोळ्यानं घासली, वाळायला वेळ दिला आणि मगच लाइन जोडली. कितीबी गर्दी असू दे, घाई नाही. आधीच्या ठिकाणी एकाच ग्लोव्हजवर तीन-तीन पेशंट व्हायचे आणि आम्ही आपले ग्लोव्हज घातलेत म्हणून निर्धास्त!

सुरू करायच्या आधी कावीळ बी, सी आणि एचआयव्हीची टेस्ट केली, कावीळ बी असलेल्या पेशंटचं मशीन वेगळ्या खोलीत आहे. बीची लसही चालू केली, डायलिसिसवाल्यांना डोस डबल लागतो हे आम्हाला इथंच कळलं.

डॉक्टर मात्र पहिल्या भेटीपासनं फिस्टुल्याच्या (हातातली शीर आणि धमनी ऑपरेशननं जोडून डायलिसिसच्या सुईसाठी केलेली जागा) मागं लागले, नळीपेक्षा त्यात इन्फेक्शनचा धोका बराच कमी म्हणून. आण्णा ऑपरेशनला घाबरत होते, पण डाव्या हाताला करून घेतला, तयार व्हायला दोन महिने लागले, आता मानेतली नळी निघाली आणि माणूस निवांत अंघोळ करतोय, त्याचं मोल ज्याच्या घरात पेशंट आहे त्यालाच कळणार. सुई टोचायच्या आधी स्वतः साबणानं हात धुऊन येतात, त्या हाताला बीपीचा पट्टा कुणाला लावू देत नाहीत.

खर्च महात्मा फुले योजनेत बसला.

तक्रार म्हणजे दुसऱ्या शिफ्टला उशीर होतोच, पण दोन पेशंटच्या मधे मशीन डिसइन्फेक्ट करतात, बेड पुसतात, म्हणून तो चालवून घेतो. न चालणारी गोष्ट एकच, पेशंटसाठी बेसिन एकच आहे आणि साबण दुपारपर्यंत संपतो. दोनदा सांगितलं, अजून तसंच आहे. एवढं सगळं जपणाऱ्यांनी हे पण बघावं. आम्ही घरनं साबणाची बाटली नेतो, तुम्हीपण न्या.