बॅच की पॉवरशेल? पाथ नीट सांभाळायचा असेल तर

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या वर्कशॉपचा सर्व्हर उघडा, नाहीतर द्राक्षं निर्यात करणाऱ्या एखाद्या ऑफिसातला. फोल्डरांची नावं साधारण अशीच असतात: 'कांदा & द्राक्ष', 'ड्रॉइंग (रिव्हिजन 3)', 'बिलं [2024]', '100% निर्यात'. ही नावं कुणी बदलणार नाही, आणि स्क्रिप्टसाठी त्यांनी ती का बदलावीत? रात्रीच्या बॅकअप स्क्रिप्टनेच जुळवून घ्यायचं. फोल्डरांचे पाथ, म्हणजे ड्राइव्हपासूनचे पूर्ण पत्ते, तिने न चुकता वाचायला हवेत. ती विंडोजच्या जुन्या बॅचमध्ये लिहावी की नव्या पॉवरशेलमध्ये, एवढाच प्रश्न. पायथन भाषेची पाथ हाताळणारी पाथलिब या दोघांपेक्षा देखणी आहे, पण दर मशीनवर पायथन टाकत कोण बसणार?

बॅचचं सुख म्हणजे डबल क्लिक केलं की चालते. अकाउंटंटला काही शिकवावं लागत नाही. तिची गोम अशी की व्हेरिएबलमधला मजकूर आधी ओळीत चिकटवला जातो आणि मग ती ओळ वाचली जाते. त्यामुळे इफ या अटीच्या कंसात अवतरणचिन्हांशिवाय 'ड्रॉइंग (रिव्हिजन 3)' आलं, तर त्यातला बंद कंस इफचाच शेवट ठरतो. '&' आला की पुढचा तुकडा वेगळी कमांड होतो. अवतरणात ठेवलं की हे दोघे गप्प बसतात. टक्का मात्र अवतरणातही ऐकत नाही, तो स्क्रिप्टमध्ये दोनदा लिहावा लागतो. हे सगळं सवयीने जमतं, तक्रार नाही.

मला जे कधीच सवयीचं झालं नाही ते वेगळंच. स्क्रिप्ट ज्या फोल्डरात आहे त्याचा पाथ बॅचमध्ये टक्का-टिल्ड-डीपी-शून्य (%~dp0) असा मिळतो, आणि त्याच्या शेवटी बॅकस्लॅश असतोच. फोल्डरच्या नावात स्पेस असू शकते म्हणून आपण शहाण्यासारखं ते अवतरणात टाकतो आणि रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करणाऱ्या कमांडला देतो. आता शेवटचा बॅकस्लॅश आणि बंद अवतरणचिन्ह शेजारी-शेजारी आले. रोबोकॉपी या जोडीचा अर्थ 'अवतरण संपलं' असा लावत नाही. ते चिन्ह तो नावातलंच एक अक्षर समजतो. मग 'डी:\द्राक्ष बिलं' आणि पुढचा 'ई:\बॅकअप' मिळून एकच सोर्स बनतो, आणि डेस्टिनेशन दिलेलंच नाही अशी तक्रार येते. स्क्रीनवर ओळ अगदी बरोबर दिसते, हाच खरा ताप. उपाय एका टिंबाचा: शून्यानंतर, अवतरण बंद करण्याआधी एक टिंब द्यायचं. टिंब म्हणजे 'हेच फोल्डर', म्हणून पाथ तोच राहतो. पण सहा महिन्यांनी स्क्रिप्ट दुसऱ्या कुणाच्या हातात गेली की 'हे टिंब चुकून राहिलंय' म्हणून तो ते पुसणार.

पॉवरशेलमध्ये हीच गोष्ट पीएसस्क्रिप्टरूट या व्हेरिएबलमध्ये मिळते, शेवटी बॅकस्लॅश नसतो. पुढचं नाव जॉइन-पाथ या कमांडने जोडायचं, स्लॅश तोच बघतो. व्हेरिएबल ही तिथे एक वस्तू असते, त्यामुळे '&' किंवा टक्का आला तरी ओळ मोडत नाही. स्क्रिप्ट नेटवर्क शेअरवर असली तरी बिघडत नाही. बॅच तिथून डबल क्लिकने चालवली तर ती विंडोज फोल्डरात जाऊन बसते, मग पुशडी या कमांडने तात्पुरतं ड्राइव्ह अक्षर घ्यावं लागतं.

पण पॉवरशेलही साधा नाही. 'बिलं [2024]' मधला चौकोनी कंस तो वाइल्डकार्ड, म्हणजे नावं जुळवायचा नमुना समजतो: 2, 0 किंवा 4 यांपैकी एक अंक. मग कॉपी-आयटम ही कमांड काहीही कॉपी करत नाही, आणि एररही देत नाही. बॅच निदान ओरडते तरी. म्हणून पाथ व्हेरिएबलमधून येत असेल तिथे डोळे झाकून लिटरलपाथ हा पॅरामीटर लावा, म्हणजे नाव जसंच्या तसं घेतलं जाईल. पाथ आहे का ते बघणाऱ्या टेस्ट-पाथलासुद्धा.

दुसरी खोड आपल्या भाषेची. विंडोजसोबत येणारा पॉवरशेल 5.1 हा बॉम (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण) नसलेली यूटीएफ-8 स्क्रिप्ट जुन्या एन्कोडिंगने वाचतो, आणि 'द्राक्ष'ची भलतीच अक्षरं होतात. नोटपॅड हल्ली बॉमशिवाय सेव्ह करतं, तेव्हा सेव्ह अ‍ॅजमध्ये 'यूटीएफ-8 विथ बॉम' निवडा. बॅचमध्ये नेमकं उलट: वर यूटीएफ-8 लावणारी सीएचसीपी 65001 ही कमांड लिहायची आणि बॉम अजिबात नको, कारण पहिली ओळ त्याने बिघडते.

पूर्ण पाथवरची 260 अक्षरांची मर्यादा दोघांनाही छळते. खोल फोल्डरांची कॉपी कुठूनही करा, पण रोबोकॉपीनेच करा.

चुकीच्या फोल्डरात डिलीट चालण्याचा धोका मात्र दोन्हीकडे सारखाच. बॅचमध्ये फोल्डर बदलणाऱ्या सीडीला स्लॅश-डी दिला नाही तर ड्राइव्ह बदलत नाही आणि पुढची डेल ही डिलीटची कमांड जिथे आहे तिथेच चालते. पॉवरशेलमध्येही फोल्डर बदलणारं सेट-लोकेशन फसलं तरी स्क्रिप्ट पुढे जाते. वरच एररअ‍ॅक्शनप्रेफरन्स 'स्टॉप' करून ठेवा, म्हणजे चूक होताच स्क्रिप्ट थांबेल.

तुमचं काम तीन-चार ओळींचं असेल, नावं साधी असतील, तर बॅच पुरेल. त्यापुढे माझा हात पॉवरशेलकडेच वळतो. डबल क्लिकची अडचण सुटते: शेजारी एका ओळीची बॅच ठेवायची, जी एक्झिक्युशन पॉलिसी (स्क्रिप्ट चालू द्यायची की नाही ते ठरवणारी सेटिंग) बायपास करून फाइल पॅरामीटरने पॉवरशेल स्क्रिप्ट चालवेल. तिथे टक्का-टिल्ड-डीपी-शून्यला लागूनच स्क्रिप्टचं नाव येतं, म्हणून तो बॅकस्लॅश अवतरणाला भिडतच नाही. या दोन फाइलींची नावं तेवढी रोमन अक्षरांत ठेवा.