जुलाब-उलट्यांसाठी ओआरएस: कोणतं पाकीट घ्यावं आणि ते कसं द्यावं

मुलाला जुलाब लागले म्हणून औषधाच्या दुकानात ‘ओआरएस’ (शरीरातलं पाणी आणि क्षार भरून काढणारं मीठ-साखरेचं मिश्रण) ‘द्या’ म्हटलं, की समोर तीनपैकी काहीही येऊ शकतं: एक लिटरची पूड, २०० मिलीची छोटी पुडी किंवा स्ट्रॉ लावलेला तयार टेट्रापॅक. घरात तिन्हींना एकच नाव असतं. पण दोन्ही पुड्या औषध आहेत. टेट्रापॅक मात्र औषधही असू शकतो आणि नुसतं गोड सरबतही. म्हणून पैसे द्यायच्या आधी मागची बाजू वाचायलाच हवी.

जागतिक आरोग्य संघटनेचं २००२ पासूनचं सूत्र असं आहे: एक लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. एकूण २०.५ ग्रॅम. इलेक्ट्रॉल या ओळखीच्या ब्रँडच्या मोठ्या पाकिटावर २१.८ ग्रॅम वजन दिसतं, पण आतले हे चार आकडे तेच असतात. वरचा फरक चवीसाठी घातलेल्या पदार्थांचा. कंपनी कोणतीही असो, हे चार आकडे आणि ‘ओरल रिहायड्रेशन सॉल्ट्स आय.पी.’ (आय.पी. म्हणजे भारतीय औषधकोशाच्या मानकानुसार) हे शब्द छापलेले असले की पाकीट बरोबर. आणखी एक खूण म्हणजे औषधावर उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो, तर खाद्यपेयावर एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा.

साखरेचं प्रमाण इतकं कमी का, हे कळलं की पुढच्या बऱ्याच चुका टळतात. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत घेतात आणि त्यांच्यामागून पाणी शोषलं जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुधा शाबूत असते; ओआरएसचा सगळा गुण त्यातच आहे. पण साखर जास्त झाली तर उलटं होतं: आतड्यात साठलेली साखर शरीरातलं पाणी आत ओढते आणि जुलाब वाढतात. फळांच्या रसात किंवा ‘एनर्जी’ पेयात १०० मिलीला १० ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे २०० मिलीच्या खोक्यात २० ग्रॅम, जिथे ओआरएसमध्ये २.७ ग्रॅम पुरे. वर सोडियम अगदीच कमी. पाजणाऱ्याला वाटतं आपण पाणी भरून काढतोय, आणि मूल आणखी सुकत जातं.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अशा गोड पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव छापण्याविरुद्ध अनेक वर्षं पाठपुरावा केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने खाद्यपेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली. फार चांगलं झालं. तरी कपाटातले जुने खोके आणि नाव बदललेली पेयं यांच्याकडे लक्ष ठेवा. खरं सूत्र असलेले टेट्रापॅकही मिळतात आणि प्रवासात, जिथे स्वच्छ पाण्याचा भरवसा नसतो, तिथे ते खरोखर उपयोगी पडतात. घरी मात्र पुडीच घ्यावी.

लिटरची की छोटी? दर लिटरमागे मोठं पाकीट स्वस्त पडतं, साधारण वीस-पंचवीस रुपयांत काम होतं. तरी पाच वर्षांखालच्या मुलासाठी आमची पसंती २०० मिलीच्या पुडीला. कालवलेलं ओआरएस २४ तासांत संपवावं लागतं, उरलेलं ओतून द्यावं लागतं, आणि लहान मुलाकडून दिवसभरात लिटर संपेलच असं नाही. मग लोक मोठं पाकीट फोडून अंदाजानं चमचाभर पूड घेतात. इथेच सगळं बिघडतं. पूड पाकिटात सारखी मिसळलेली असेलच असं नाही, त्यामुळे एका चमच्यात मीठ जास्त, दुसऱ्यात कमी. याहून धोक्याचं म्हणजे लिटरची पूड एका पेल्यात कालवणं. त्यानं रक्तातलं सोडियम चढतं. तान्ह्या बाळात त्याचे परिणाम झटके येण्यापर्यंत जाऊ शकतात. पूर्ण पाकीट, पूर्ण पाणी, यात तडजोड नाही.

पाणी मोजायला फुलपात्र किंवा तांब्या घेऊ नका. घरोघरी त्यांचं माप वेगळं. छोट्या पुडीसाठी दुधाच्या बाटलीवरची २०० मिलीची रेघ उत्तम. लिटरसाठी सीलबंद पाण्याची एक लिटरची बाटली घ्या, पण पूड थेट बाटलीत टाकू नका, ती गळ्यापर्यंत भरलेली असते आणि पाणी सांडतं. सगळं पाणी स्वच्छ पातेल्यात ओता, पूड पूर्ण रिकामी करा, पाकिटाच्या कोपऱ्यात चिकटलेलीही झटकून घ्या, आणि तळाशी कण दिसेनासे होईपर्यंत ढवळा. घरचं पाणी असेल तर आधी उकळून पूर्ण गार केलेलं. पूड घातल्यावर उकळायचं नाही. वरून साखर, लिंबू, दूध, सरबत काही नाही. चवीची तक्रार असेल तर झाकून फ्रीजमध्ये गार करा. थंड ओआरएस मुलं जास्त सहज घेतात. संत्र्याच्या स्वादाची पूड साध्या पुडीइतकीच चालते, फक्त चार आकडे तपासा.

किती द्यायचं? प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, त्यावरच्या मुलाला १०० ते २०० मिली. मूल सुकल्यासारखं दिसू लागलं तर डॉक्टर वजनावर हिशेब करतात: किलोमागे ७५ मिली, चार तासांत. म्हणजे १० किलोच्या मुलाला ७५० मिली.

‘ओआरएस पोटात ठरतच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा पाजण्याच्या पद्धतीची असते. तहानलेलं मूल पेला घटाघट पितं, पोट ताणलं जातं आणि सगळं बाहेर येतं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा. मग ५ मिलीचा एक चमचा, दोन-तीन मिनिटांनी पुढचा. मूल तोंड घट्ट मिटत असेल तर बिनसुईची ५ मिलीची सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला लावून हळूहळू सोडा, घशात पिचकारी मारू नका. हे काम कंटाळवाणं आहे, पण दर दोन मिनिटांना एक चमचा म्हणजे तासाला १५० मिली होतात. शिवाय मधे एखादी उलटी झाली तरी बरंचसं पाणी शोषलं गेलेलं असतं.

पुडी मिळेपर्यंत घरची जलसंजीवनी: एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा, चहाचा लहान चमचा धरून. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि नवं करा. यात पोटॅशियम नाही, म्हणून पुडी आली की बदला. शहाळ्याचं पाणी आवडीनं द्या, पण त्यात सोडियम फार कमी असतं. ओआरएसच्या जागी ते धरू नका.

सरकारी पुडीबद्दल गैरसमज बराच आहे. आशाताईंकडे, अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळणारी साधी पूड त्याच सूत्राची असते. चव सपक, पण काम तेच.

ओआरएसबरोबर झिंकची २० मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी घ्याच. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, १४ दिवस. पट्टीत १० गोळ्या असतील तर दोन पट्ट्या लागतील हे दुकानातच लक्षात घ्या, कारण जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबले की गोळी सोडून दिली जाते आणि आतडं भरून निघायचा फायदा हुकतो. चमच्यात उकळून गार केलेलं पाणी किंवा आईचं दूध घेऊन त्यात गोळी टाकली की मिनिटभरात विरघळते. धातूसारखी चव येते. रिकाम्या पोटी दिली तर उलटी होऊ शकते, म्हणून थोडं खाल्ल्यावर द्या.

अंगावरचं दूध थांबवू नका. मूल खात असेल तर खिमट, मुगाची खिचडी, ताकभात, केळं, थोडं थोडं पण वरचेवर. मोठ्यांच्या जुलाब थांबवण्याच्या गोळ्या मुलाला कधीच देऊ नका.

शीमध्ये रक्त, हिरवी उलटी, सहा तास लघवी नाही, डोळे खोल, बाळाच्या डोक्यावरची टाळू खाली बसलेली, रडताना अश्रू नाहीत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू बसणं, मूल मलूल किंवा काहीच पीत नाही: यातलं काहीही दिसलं तर पुडीवर विसंबू नका, थेट दवाखाना गाठा. वाटेत चमचा चालू ठेवा. सहा महिन्यांखालच्या बाळाला पहिल्याच दिवशी दाखवा.

घरात छोट्या सहा-सात पुड्या आणि झिंकच्या दोन पट्ट्या कोरड्या डब्यात ठेवाव्यात, स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळ नव्हे. पावसाळ्यात पाकिटाला बारीक भोक असलं तरी पूड ओल धरते. ती तपकिरी पडली असेल किंवा दगडासारखी होऊन पाण्यात विरघळत नसेल, तर तारीख उरली असली तरी फेकून द्या.