‘सेल्फ झालेत दादा’ म्हणून पिल्लं पाठवली, अन् आम्ही उपाशी पिल्लांचा नाच बघत बसलो

मी परभणीचा. घरात आतापर्यंत गाय, म्हैस, कुत्रं सगळं झालं पण पक्षी कधी पाळला नव्हता. कुणी नवीन पोपटाचं पिल्लू घ्यायच्या विचारात असेल तर हे पूर्ण वाचा, थोडं लांबलंय पण वाचा, कारण आमचे पैसे गेले ते गेलेच पण एक जीव पण गेला.

पोरगी चौथीत आहे, दोन वर्षांपासून पोपट पाहिजे म्हणून मागं लागलेली. आमची आई म्हणायची, राघूला पैसे कामून द्यायले, आमच्या रानात जोंधळ्यावर थव्यानं यायचे, दिवसभर माळ्यावर उभं राहून गोफणीनं हाकलायचो आम्ही. पण देशी पोपट घरात ठेवता येत नाही, राघू असो की तो मोठा पहाडी पोपट असो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे मला माहिती होतं म्हणून ठरवलं की परदेशी जातीचा, पिंजऱ्यातच जन्मलेला घ्यायचा. आपण कायद्यानं चाललोय याच समाधानात मी बाकी काही तपासलं नाही.

इन्स्टाग्रामवर सन कॉन्युअर या परदेशी पोपटाचा व्हिडिओ दिसला. पिवळाधमक, गालावर केशरी, पंखाला हिरवी झाक, एका पायात सूर्यफुलाचा दाणा धरून सोलून खातोय, मागं निळी प्लास्टिकची बादली. पोरीनं तो व्हिडिओ पन्नास वेळा पाहिला असेल. नंबरवर फोन केला, समोरचा एकदम गोड बोलणारा, दादा दादा करत. म्हणे पुण्याजवळ माझं स्वतःचं ब्रीडिंग आहे, पिल्लं अडीच महिन्याची आहेत, सेल्फ झालेत, दाणा-फळं सगळं खातात. सेल्फ म्हणजे पक्षीवाल्यांच्या भाषेत स्वतःच्या चोचीनं खाणारं पिल्लू. जे अजून सिरिंजनं भरवावं लागतं ते हॅन्डफीड. हा एका शब्दाचा फरक आहे पण जिवाचा फरक आहे, हे मला नंतर कळालं.

एकाचे ९,५०० सांगितले. मग म्हणला एकटं पिल्लू झुरून मरतं दादा, जोडी न्या. मग म्हणला नर लवकर बोलतो, डीएनए करून नर-मादी जोडी देतो, त्याचे १,५०० वेगळे. ट्रॅव्हल्सचं पार्सल १,२००. सगळे पैसे आधी फोनपेवर. मी म्हणलं व्हिडिओ कॉल करा, तर म्हणे शेडमध्ये नेट नाही, व्हिडिओ रेकॉर्ड करून पाठवतो, अन् परत तोच निळ्या बादलीचा व्हिडिओ आला. तिथंच थांबायला पाहिजे होतं मी. पण पोरीचा वाढदिवस दोन दिवसांवर होता न.

रविवारी पहाटे पाचला वसमत रोडला ट्रॅव्हल्स आली. डिक्कीतून पुठ्ठ्याचा बॉक्स काढून दिला, बिस्किटाचा बॉक्स, त्याला पेचकसनं पाडलेली भोकं, आत थोडा भुस्सा. डिसेंबरातली परभणीची थंडी इकडच्या लोकांना सांगायला नको, तोंडातून वाफ निघायली होती. घरी येऊन बॉक्स उघडला तर दोन पिल्लं एकमेकाला चिटकून बसलेली. व्हिडिओतल्या पक्ष्याशी काहीच संबंध नाही. मानेवर, डोक्यावर पिसाऐवजी पांढरट काटे काटे, शेपूट म्हणजे जेमतेम दोन बोटं, पोटाखालची गुलाबी कातडी दिसायली. फोन केला तर म्हणे प्रवासात पिसं विस्कटतात दादा, दोन दिवसात सेट होईल, वाटीत दाणा ठेवा.

वाटीत दाणा ठेवला. पिल्लं त्यात चोच घालायची, दाणा फोडायची, खाली टरफलं पडायची, आम्हाला वाटलं खायलेत. पोरीनं नावं पण ठेवली, हळद्या अन् केशऱ्या. अन् आम्ही जवळ गेलो की दोघंही मान खालीवर खालीवर करायची, पंख अर्धे पसरून थरथरायची, अन् किरकिर असा एकसारखा आवाज काढायची. पोरगी म्हणली पप्पा नाचायलेत, गाणं लावा. आम्ही गाणं लावलं. नातेवाईकांना व्हिडिओ पाठवले. सगळ्यांनी हार्ट टाकले.

ते नाचत नव्हते. पिल्लू भूक लागली की आईबापासमोर मान हलवून मागतं, ते मागणं होतं ते. दोन दिवस ती पिल्लं आमच्याकडं खायला मागत होती अन् आम्ही मोबाईल धरून बसलो होतो. तो व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे, बघवत नाही.

मंगळवारी आवाज कमी झाला. बायकोला शंका आली, तिनं स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर वजन केलं, केशऱ्या ७१ ग्रॅम, हळद्या ७८. मोठा सन कॉन्युअर शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास असतो. परत फोन केला तर आता त्याचा सूर बदलला, म्हणे जागा बदलल्यावर काही पिल्लं मागं जातात, थोडे दिवस हॅन्डफीड द्यावं लागेल, पावडर माझ्याकडं इम्पोर्टेड आहे, ९०० रुपये. उद्या सकाळच्या गाडीत टाकतो. दिले ९००. झिपच्या पिशवीत पांढरी पावडर आली, ना कंपनीचं नाव ना तारीख. किती पाणी, किती गरम, विचारलं तर म्हणे अंदाजानं द्या, थंडी आहे तर जरा गरम द्या.

आम्ही चमच्यानं, सिरिंजनं, जमेल तसं दिलं. बुधवारी रात्री केशऱ्याच्या गळ्याखाली फुगलेलं दिसायलं, आम्हाला वाटलं पोट भरलं, बरं झालं. रात्री दोनला लाईट गेली, लावलेला बल्ब बंद पडला, अन् पहाटे पाचला पाहिलं तर केशऱ्या गेलेला होता. पोरगी उठायच्या आधी माझ्या आईनं त्याला अंगणातल्या पारिजातकाखाली पुरलं. मी आजपर्यंत पोरीला नीट उत्तर देऊ शकलो नाही.

गुरुवारी हळद्याला गोधडीत गुंडाळून डॉक्टरकडं नेला. पाळीव पक्षी बघणारे डॉक्टर आपल्याकडं फार कमी आहेत, पण आपल्या परभणीतच पशुवैद्यकीय कॉलेज आहे, उदगीरला पण आहे, निदान विचारपूस तरी तिथं करता येते, हे मला चार दिवस सुचलंच नाही, मी सगळे प्रश्न विकणाऱ्यालाच विचारत बसलो. डॉक्टरांनी हळद्याला हातात घेतलं, पिसाचे काटे पाहिले, शेपूट पाहिली, म्हणाले हे पाच-सहा आठवड्याच्या वर नाही. या जातीचं पिल्लू स्वतः खायला लागायला साधारण दहा आठवडे लागतात, अन् तेही हळूहळू.

मग त्यांनी समजावून सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो. गळ्याखाली छातीच्या वर एक पिशवी असते, तिला क्रॉप म्हणतात. भरवलेलं आधी तिथं साठतं अन् मग हळूहळू खाली उतरतं. पिल्लाचं अंग गार पडलं की ते उतरणंच बंद होतं, मग आतलं अन्न आंबतं अन् पिल्लू भरल्या पिशवीनं मरतं. केशऱ्याचं तेच झालं. म्हणून आधी ऊब, मग खाणं. गार पडलेल्या पिल्लाला घाईघाईनं भरवायचं नाही. अन् अन्न अंदाजानं गरम करायचं नाही, थर्मामीटर घालून ३९ ते ४१ अंश, त्याच्या वर गेलं तर ती पिशवी आतून भाजते अन् बाहेर काही दिसत नाही, खाली गेलं तर परत आंबायची भीती. एका वेळेला वजनाच्या दहाव्या भागाएवढं, म्हणजे ८० ग्रॅमच्या पिल्लाला ८ मिली. रात्रीचं शेवटचं दिलेलं सकाळपर्यंत पूर्ण उतरलं पाहिजे, बोटानं हलकं चाचपून बघायचं, उतरलं नसेल तर वरून परत भरायचं नाही, डॉक्टरला फोन करायचा. ती पावडर त्यांनी पेल्यात कालवली, दोन मिनिटांत खाली चोथा अन् वर पाणी वेगळं झालं. म्हणाले पिल्लांचं खाणं असं फाटत नाही, एकजीव राहतं, हे काय पीठ आहे देवाला माहीत, फेकून द्या.

हळद्याच्या पायातली रिंग पण त्यांनीच दाखवली. विकणारा म्हणला होता रिंगवालं पिल्लू आहे, म्हणजे ब्रीडिंगचं, कागदपत्राचं टेन्शन नाही. खरी रिंग अखंड असते, पिल्लू दहा-बारा दिवसांचं असताना पायातून सरकवतात, नंतर पंजा मोठा झाला की ती जातही नाही अन् निघतही नाही, म्हणून तिला किंमत. हळद्याच्या रिंगला एका बाजूनं फट होती, पक्कडनं दाबून बसवलेली. अशी रिंग कोणत्याही पक्ष्याला कधीही घालता येते, ती कशाचाच पुरावा नाही. डीएनएचं विचाराल तर या जातीत नर-मादी बघून ओळखताच येत नाही, पिसाची किंवा रक्ताची लॅबला टेस्टच करावी लागते, अन् आम्हाला लॅबचा कागद कधी मिळालाच नाही. अन् लवकर बोलतो म्हणला होता, तर सन कॉन्युअर हा बोलण्यासाठीचा पक्षीच नाही, फार तर दोन-चार शब्द, बाकी नुसता कर्कश आवाज, तोही भरपूर.

एवढी कोवळी पिल्लं विकतात कामून, तर पाच आठवड्यापासून दहा आठवड्यापर्यंत दिवसातून तीन-चार वेळा भरवायची मेहनत अन् पावडरचा खर्च वाचतो म्हणून. पिल्लू मेलं तर ते घेणाऱ्याच्या घरी मरतं. वर सांगतात की लहानपणी हातानं भरवलं तर जास्त लळा लागतो. तसं काही नसतं, सेल्फ झालेलं पिल्लू पण रोज वेळ दिला की माणसाळतं.

यातलं शेवटचं अजून राहिलं. केशऱ्या गेल्याचं सांगायला फोन केला तर माणूस एक शब्द वाईट वाटलं म्हणला नाही, उलट म्हणे दादा परिवेश सर्टिफिकेट काढलं का, नाहीतर फॉरेस्टवाले पक्षी जप्त करतील, २,५०० पाठवा, आजच काढून देतो. मी घाबरून पाठवले. अर्ध्या तासात पीडीएफ आली, वर तीन सिंहांचा शिक्का, खाली माझ्या आडनावाचं स्पेलिंग चूक अन् जातीच्या जागी नुसतं पॅरट. खरी गोष्ट अशी आहे की सन कॉन्युअर सारख्या परदेशी पक्ष्यांची नोंदणी करावी लागते हे खरंच आहे, २०२४ च्या फेब्रुवारीत त्याचे नियम आलेत, पक्षी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत. पण ती परिवेश पोर्टलवर, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या वेबसाईटवर, ज्याच्याकडं पक्षी आहे त्यानं स्वतः करायची असते, अर्ज राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडं जातो, कुणी दुकानदार अर्ध्या तासात सर्टिफिकेट देऊ शकत नाही. बजरी (बजरीगर), कॉकाटील, अन् तो गुलाबी तोंडाचा साधा लव्हबर्ड यांना ही नोंदणी लागत नाही. मी आता स्वतः अर्ज भरलाय, पण पक्षी कुणाकडून आला याचा कागद तिथं लागतो अन् माझ्याकडं साधं बिल पण नाही. त्याला बिल मागितलं त्या दिवशी त्यानं ब्लॉक केलं.

हिशोब केला तर १९,००० पक्ष्यांचे, १,५०० डीएनए, १,२०० पार्सल, ९०० पावडर, २,५०० सर्टिफिकेट, एकूण २५,१००. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करून तक्रार टाकली, नंबर मिळाला, पैसे अजून नाहीत. तक्रार उशिरा केली हीपण माझी चूक, पैसे गेल्या गेल्या फोन केला तर ते समोरच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त असते, मी दहा दिवस लावले.

म्हणून विकत घेण्याआधी एवढं तरी करा की पक्षी स्वतः जाऊन बघा, अन् दुकानात दहा मिनिटं नाही तर तास-दोन तास बसा. दाणा फोडतंय का हे बघू नका, टरफलं सगळीच पाडतात, गिळतंय का ते बघा. माणूस जवळ आला की मान हलवून किरकिर करत असेल तर ते पिल्लू सेल्फ नाही. काट्यावर वजन करायला लावा, दुसऱ्या दिवशी परत जाऊन परत करा. शेपूट पूर्ण आली नसेल तर घेऊच नका. अन् बसच्या डिक्कीतून येणारा जीव तर अजिबात नको.

हळद्या वाचला. महिनाभर बायकोनं सकाळी सहा, अकरा, चार अन् रात्री दहा असं घड्याळ लावून भरवलं, शाळेच्या दिवशी अकराचं माझी आई करायची. थर्माकोलच्या खोक्यात एका कोपऱ्याला बल्ब, दुसरा कोपरा मोकळा म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता यावं, आत थर्मामीटर, अन् लाईट गेली की गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. भिजवलेली मटकी, उकडलेलं मक्याचं कणीस, मेथीचा पाला रोज समोर ठेवायचो, तो नुसता तुडवायचा. जानेवारीच्या शेवटी मामानं रानातून हुरडा आणला होता, आई परातीत चोळत बसली होती, हळद्या तिच्या खांद्यावरून उतरला, परातीच्या काठावर बसला अन् एक कोवळा दाणा उचलून गिळला. मग दुसरा. आईनं हात थांबवला अन् आम्ही कुणीच बोललो नाही. त्या दिवशी त्याचं वजन ९६ होतं.

परवा पोरगी फोन घेऊन पळत आली. नवीन अकाउंट, नवीन नंबर, अन् व्हिडिओ तोच, तीच निळी बादली. खाली लिहिलंय सेल्फ चिक, ८,५००, ऑल महाराष्ट्र ट्रॅव्हल्स डिलिव्हरी. नवीन नंबर मी तक्रारीत जोडायला दिलाय. बादली लक्षात ठेवा.