दाखल नोंदवहीच्या जागी लिबरऑफिस बेस

पंचवटीतील आमच्या शाळेच्या ग्रंथालयात दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक प्रतीची क्रमांकासह नोंद) आणि देवघेवीची वही एका संगणकावर आणण्यासाठी आम्ही लिबरऑफिस बेस हे डेटाबेसचे, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत (तक्त्यांत) ठेवणारे, सॉफ्टवेअर निवडले. ते मोफत आहे, विंडोज व लिनक्स या दोन्हींवर चालते आणि त्याचे मेनू मराठीत घेता येतात. पण मी ते इतर शाळांना सुचवीन ते एवढ्यासाठी नव्हे. एक्सेलमध्ये सहज खपून जाणारी सदोष मांडणी येथे टेबले जोडायला घेताच उघडी पडते, हा त्याचा खरा गुण आहे.

पहिला पेच पुस्तक आणि प्रत यांचा. एका पुस्तकाच्या पाच प्रती असल्या, तरी शीर्षक, प्रकाशक व विषय एकदाच लिहायचे असतात, दाखल क्रमांक मात्र प्रत्येक प्रतीला स्वतंत्र असतो. म्हणून ‘पुस्तक’ आणि ‘प्रत’ अशी दोन टेबले करून देवघेवीची नोंद प्रतीशी जोडावी लागते.

लेखकांचे टेबल तर नाशिककरांची परीक्षाच पाहते. वि. वा. शिरवाडकरांची कविता ‘कुसुमाग्रज’ या नावाने आणि नाटके त्यांच्या स्वतःच्या नावाने प्रसिद्ध झाली. दोन लेखक नोंदवले, तर कुसुमाग्रज शोधणाऱ्या मुलाला त्यांची नाटके सापडत नाहीत. एकच नाव ठेवले, तर मुखपृष्ठावरचे नाव यादीत येत नाही. लेखक एकच ठेवून पुस्तक आणि लेखक यांना जोडणाऱ्या तिसऱ्या टेबलात ‘छापलेले नाव’ हा रकाना दिला की दोन्ही गोष्टी साधतात, आणि एका पुस्तकाला दोन लेखक असले तरी तेच टेबल पुरते.

विद्यार्थ्यासाठी जनरल रजिस्टर क्रमांक ही प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारा रकाना, म्हणून योग्य ठरते. इयत्ता व तुकडी दरवर्षी बदलत असल्याने त्या शैक्षणिक वर्षासह वेगळ्या टेबलात ठेवाव्यात.

‘पुस्तक बाहेर आहे’ असा रकाना करण्याचा मोह बहुतेकांना होतो. तो टाळावा, कारण देवघेवीच्या टेबलात परतीची तारीख रिकामी असणे हाच त्याचा पुरावा असतो आणि थकीत पुस्तके शोधून देणारी क्वेरीही (माहितीला विचारलेला प्रश्न) त्यावरच उभी राहते.

टेबलांचे संबंध जोडण्याची खिडकी हा बेसचा सर्वांत चांगला भाग आहे. एका रकान्यावरून दुसऱ्यावर माउसने रेघ ओढली की संबंध तयार होतो आणि मूळ नोंद खोडल्यास काय व्हावे, हेही तेथेच ठरवता येते. येथे ‘कॅस्केड’ कधीही निवडू नये; शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याचे नाव खोडताच त्याच्या सर्व देवघेवीही पुसल्या जातील. ‘नो अ‍ॅक्शन’ ठेवल्यास बेस अशी नोंद खोडूच देत नाही, आणि ग्रंथपालाला हवे असते ते हेच.

उणिवाही किरकोळ नाहीत. माहिती साठवणाऱ्या बेसच्या अंतर्गत एचएसक्यूएलडीबी इंजिनासाठी संगणकावर ‘जावा’ हे वेगळे सॉफ्टवेअर लागते, आणि सारी माहिती एकाच ओडीबी फाइलमध्ये राहत असल्याने तिची प्रत रोज पेनड्राइव्हवर घेणे अनिवार्य समजावे. त्याहून मोठी मर्यादा अशी की या पद्धतीत दोन संगणकांवरून एकाच वेळी नोंदी करता येत नाहीत. एका खिडकीवर देवघेव चालणाऱ्या शाळेला ती जाणवणार नाही. जेथे दोन ठिकाणी नोंदी होतात, तेथे बेसमागे पोस्टग्रेएसक्यूएल सर्व्हर (अनेक संगणकांना एकाच वेळी वापरता येणारा डेटाबेस) जोडावा किंवा सरळ कोहासारखी ग्रंथालय प्रणाली घ्यावी.