जिंबोचोतलं प्रिंटचं दुकान: साडेचार स्टार, अर्धा जिन्याने खाल्ला

मी टोकियोत निशिकासाईला राहतो, तिथून तोझाई लाइनने कुदानशिता आणि पुढे दहाएक मिनिटं चालत जिंबोचो. पहिल्यांदा रविवारी गेलो आणि शटर बघून परत आलो. जुन्या पुस्तकांच्या त्या गल्लीत बरीच दुकानं रविवारी बंद असतात, तेव्हा शनिवारीच जा.

दुकान वरच्या मजल्यावर आहे, जिना इतका अरुंद की पाठीवरची सॅक पोटावर घ्यावी लागते. खाली टुरिस्ट लोक होकुसाई या जुन्या जपानी चित्रकाराची ती प्रसिद्ध लाट शोधत असतात, वर मात्र शांत, सपाट ड्रॉवरमध्ये हल्लीच्या चित्रकारांची प्रिंट्स, म्हणजे ठशावरून हातानं छापलेली चित्रं. दुकानदार आजोबांना इंग्रजी शून्य, माझं जपानी भाजी आणण्यापुरतं, तरी काम झालं.

मला मेझोटिंटच हवं होतं, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं प्रिंट. खूळ डोक्यात घातलं ते निहोनबाशीजवळच्या हामागुची योझोंच्या म्युझियमने. यामासा सोया सॉसवाल्यांच्या घरातला हा माणूस, पॅरिसला राहून रंगीत मेझोटिंट करत बसला आणि 1957 ला ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन) बक्षीस घेऊन आला. काळ्याभोर कागदावर चार लाल चेरी, बाकी काही नाही, आणि आपण पंधरा मिनिटं तिथंच. त्यांचं प्रिंट आपल्या खिशाबाहेरचं, म्हणून हल्लीच्या कुणाचं तरी शोधत होतो.

यात तांब्याचा पत्रा दातेरी हत्याराने सगळा खरखरीत करतात, तसाच छापला तर नुसता काळा येतो, मग जिथे उजेड हवा तिथे घासून गुळगुळीत करत जायचं, महिना महिना जातो म्हणे. पत्रा लवकर झिजतो म्हणून प्रती कमी. माझी 23/50, म्हणजे पन्नासातली तेविसावी, पेन्सिलने लिहिलेली, शेजारी सही. 38,000 येन दिले, घासाघीस नाही आणि करूही नका.

आजोबांनी आधी स्वतःचे हात धुतले, मग कागद खिडकीकडे तिरका धरला आणि चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची खोलगट चौकट दाखवली. काळा रंग मखमलीसारखा दिसतो. मी बोट पुढे केलं तर त्यांनी पटकन टिश्यू पेपरच टाकला वर, बोट लागलं की तिथे चकाकी येते ती कायमची. मग मागची बाजू दाखवली, ना सेलोटेप, ना तपकिरी ठिपके, कडा न कापलेल्या.

हे मागची बाजू बघायचं आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. गेल्या वर्षी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून वुडब्लॉक (लाकडी ठशाचं प्रिंट) घेतला, फोटोत मस्त गुलाबी आकाश, घरी आलं ते चहात बुडवल्यासारखं, आणि मागे सेलोटेपचे पिवळे पट्टे. परत घ्यायला नकार. तो कपाटात पडलाय.

दुकानाबद्दल तक्रार एवढीच की किमती जपानी आकड्यांत, पेन्सिलने, कोपऱ्यात लिहिलेल्या, 三 (तीन) आणि 五 (पाच) मध्ये एकदा घाम फुटला. फ्रेम करून देत नाहीत. पॅकिंग मात्र असं की मेट्रोच्या गर्दीतूनही कोपरा दुमडला नाही.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. "छापीलच ना रे? मग एवढे?" म्हणाली. एकाच पत्र्यावरून हातानं काढलेल्या पन्नास प्रती, प्रत्येक ओरिजिनलच, हे सगळं समजावलं, तर म्हणते, मग बाकीच्या एकोणपन्नास कुणाकडे आहेत?