प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरचे व्यायाम : राजारामपुरीतील एका फिजिओथेरपी केंद्राविषयी

प्रोस्टेट ग्रंथी काढून टाकल्यानंतर लघवीवरचा ताबा काही काळ सुटतो, हे शस्त्रक्रियेपूर्वीच सांगितले जाते. मात्र तो परत मिळवण्याच्या व्यायामांची बोळवण बऱ्याचदा एका छापील कागदावर होते. कोल्हापुरात राजारामपुरीतील ज्या केंद्रात मी हे व्यायाम शिकलो, तेथे मात्र ते हाताखाली बसवून शिकवले जातात.

मूत्राशयाच्या तोंडाशी आपोआप मिटून राहणाऱ्या स्नायूला या शस्त्रक्रियेत धक्का पोहोचतो आणि लघवी अडवण्याचा भार त्याच्या खालच्या, इच्छेने आवळता येणाऱ्या स्नायूंवर पडतो, हे तेथील फिजिओथेरपिस्टनी आकृती काढून समजावले. कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी घातलेली नळी, निघेपर्यंत त्यांनी व्यायामाला हात लावू दिला नाही. नंतर आडवे झोपवून, माझ्या पोटावर तळहात ठेवून, ते मला हे खालचे स्नायू आवळून धरून आकडे मोठ्याने मोजायला लावत. पोट ताठ झाले किंवा आवाज थांबला, की मोजणी पुन्हा एकपासून. तरुणपणी तालमीत जोर-बैठका काढलेल्या कोल्हापूरकराला जोर लावायचा म्हणजे दम कोंडायचा एवढेच ठाऊक असते, आणि येथे नेमके तेच नडते, कारण पोटातला दाब वाढला की गळतीही वाढते.

क्रम हळूहळू वाढवत 10 सेकंद आवळणे आणि तितकाच वेळ सैल सोडणे, असे 10 वेळा, दिवसातून तीनदा, इथपर्यंत नेतात. आधी झोपून, मग बसून, शेवटी उभ्याने. खोकण्यापूर्वी, खुर्चीतून उठण्यापूर्वी किंवा बादली उचलण्यापूर्वी स्नायू आवळून घेण्याची सवय मला सर्वांत उपयोगी पडली. लघवी करताना मध्येच धार अडवणे हा रोजचा व्यायाम नव्हे, हेही त्यांनी बजावले. संध्याकाळी रंकाळ्यावर फिरताना गळती वाढते ती स्नायू थकल्यामुळे, हे कळल्यावर मी फेरी सकाळी घेऊ लागलो. सुधारणेला काही महिने, क्वचित वर्षही लागते, असे ते स्पष्ट सांगतात आणि खोटी आशा लावत नाहीत. हे बायकांचे व्यायाम आहेत, असे म्हणणारे भेटतातच, अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी 1948 साली ते बाळंतपणानंतरच्या तक्रारींसाठी मांडले हे खरे, पण स्नायू पुरुषांनाही आहेत.

शुल्क वाजवी आहे. तक्रार आहे ती व्यवस्थेची. गुडघे आणि मान दुखणाऱ्यांनी भरलेल्या खोलीत स्वागतकक्षातून आजाराचे नाव पुकारले जाते. स्वच्छतागृह वरच्या मजल्यावर आहे, म्हणजे ज्यांना ते तातडीने लागते त्यांनीच जिना चढायचा. आणि पुरुषांच्या स्वच्छतागृहात वापरलेला पॅड टाकायला डबा नाही, त्यामुळे तो कागदात गुंडाळून घरी न्यावा लागतो. हे सारे मी त्यांच्या अभिप्रायवहीत लिहिले आहे. डबा आला की येथील तेवढे वाक्य काढून टाकीन.